वाफ दिलेली शटलं

शुक्रवारचं जेवण उरकलं तसं दीनानाथांनी टेबल स्वतः पुसलं, कोरड्या फडक्यानं पुन्हा एकदा पुसलं, आणि आतल्या खोलीतून एक निळी फाइल आणून बरोबर मधोमध ठेवली. फाइलवर लेबल होतं. समोर बसलेल्या थोरल्या मुलीनं, शलाकानं, ते उलट्या बाजूनं वाचलं. वर तारीख, त्याखाली ‘इन्सिडेंट’, आणि जिथे प्लँटमधल्या युनिटचं नाव यायचं तिथे ‘घर’. तिनं मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला.

ही पद्धत घरात कोणाला नवी नव्हती. चोवीस वर्षं रिफायनरीतले मीटर आणि व्हॉल्व सांभाळलेल्या दीनानाथांना घरही त्याच शिस्तीत चालवता येतं असं वाटे, आणि बरेचदा ते चालेही. दूध उतू गेलं तरी आधी फॅक्ट्स, मग मतं. कुवेतमधल्या मंगफच्या या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन मुली त्या वाक्याखाली वाढल्या होत्या. पण आज शत्रुघ्नमामांना अब्बासियाहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं, आणि मामांना काही कारण सांगितलेलं नव्हतं. ते मसालेभात दोनदा घेऊन आता खुर्चीत जरा मागे सरकून बसले होते, बोलावणं जेवणापुरतंच असावं या आशेनं.

फाइलच्या शेवटच्या कप्प्यात काय आहे हे मात्र मामा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. राजीनामा. रविवारी सकाळी दीनानाथ तो देणार होते. सोळा वर्षांच्या धाकट्या मुक्ताला बेंगळुरूच्या बॅडमिंटन अकादमीत जागा मिळाली होती, आणि तिथे तिच्यासोबत बापानं राहायचं असं बापानंच ठरवलं होतं. तीन महिन्यांची नोटीस, मग सामान. बायको चारुशीलाचा आणि मुक्ताचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दीनानाथांच्या नोकरीला बांधलेला, तो त्याबरोबर संपणार. चारुशीला शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायची, ते सुटणार. शलाकाला स्वतःच्या कंपनीचा व्हिसा होता. तिला अब्बासियात कुठेतरी चार मुलींच्या खोलीत एक कॉट बघावी लागणार होती. यावर घरात मतदान झालेलं नव्हतं.

दीनानाथांनी शलाकासमोर फाइल उघडली. आत तिची चित्रं होती.

एकेचाळीस पानं. ‘बॅकलाइन’ नावाची चित्रकथा, जपानी पद्धतीनं उजवीकडून डावीकडे जाणारी. लेखकाच्या नावाच्या जागी फक्त ‘सिक्स्टीन फेदर्स’. एका शटलमध्ये सोळा पिसं असतात, एवढाच त्या नावाचा अर्थ. गेले आठ महिने ही कथा एका साध्याशा वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणानं येत होती, आणि ती शलाका काढते हे तिच्या समजुतीप्रमाणे जगात फक्त तिलाच माहीत होतं.

ती पाण्याच्या लॅबमध्ये होती. नमुना भट्टीत ठेवला की दोन तास नुसतं थांबायचं असतं, आणि ते दोन तास ती टॅबलेटवर चित्रं काढण्यात घालवायची. शाळेपासून तिनं जपानी खेळकथा ढिगानं वाचल्या होत्या. जवळजवळ प्रत्येकीत एक बाप असतो. हाताची घडी घालून कोर्टाच्या कोपऱ्यात उभा, तोंडाची सरळ रेघ, शाबास म्हणून कधी म्हणणार नाही. आणि शेवटी मूल जिंकतं, तेव्हा वाचकाला कळतं की बापाचंच बरोबर होतं. शलाकाला तो निष्कर्ष नेहमी पुराव्याशिवाय काढलेला वाटायचा. मूल जिंकलं हे खरं, पण बापामुळे जिंकलं की बाप असूनही जिंकलं, हे कोणी तपासलं होतं? म्हणून तिनं आपल्या कथेत बाप तसाच ठेवला, नाव दिलं तोमिनागा, आणि त्याच्या मुलीला, नात्सुला, अंतिम सामना मुद्दाम हरायला लावलं. बस, एक प्रयोग. तोमिनागाच्या वाट्याला बाबांच्या सवयी आल्या, कारण बाप म्हणून तिच्याजवळ दुसरा नमुनाच नव्हता.

“मंगळवारी हे पालकांच्या ग्रुपवर आलं,” दीनानाथ म्हणाले. “खाली लिहिलंय, सेम टु सेम दीनानाथ सर. चौतीस जणांनी हसायचं चिन्ह टाकलंय.”

मामांनी पहिलं पान ओढून घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि म्हणाले की माणूस तर जपानी दिसतोय.

“मी आधी डावीकडून उजवीकडे वाचलं,” दीनानाथ म्हणाले. “ त्यात तो बाप आधी गप्प बसतो आणि मग ओरडतो. नंतर कळलं की यांचं उजवीकडून असतं.”

“मग पहिलंच बरोबर होतं की, दाजी.”

चारुशीलानं कडेला रचलेली ताटं उचलायला घेतली, म्हणजे तिचं तोंड कोणाला दिसू नये. मुक्ता हसली नाही. ती फाइलकडे बघत नव्हती, शलाकाकडे बघत होती, आणि जेवायला बसल्यापासून तशीच बघत होती.

दीनानाथांनी तीन पानांवर लाल पेनानं गोल केले होते. पहिला गोल सहाव्या पानावर. नात्सूची शाळा शुक्रवारी बंद असते म्हणून बाप तिला पहाटेपासून दुपारपर्यंत कोर्टवर ठेवतो. दीनानाथांनी शांतपणे विचारलं की जपानात शुक्रवारची सुट्टी कोण देतं. शनिवार आणि रविवार, एवढंच तिथे बंद. शुक्रवारी घरी बसणारी माणसं जिथे राहतात, तिथला हा लेखक आहे. गल्फमध्येही आता सगळीकडे शुक्रवार-शनिवार राहिलेला नाही, इथे आहे.

शलाकाला आपल्याच गालात एक चापट द्यावीशी वाटली. कोर्टची लांबी तेरा मीटर चाळीस हे तिनं तपासलं होतं. कथा जिथे घडते त्या नागानोतल्या बसला दार कोणत्या बाजूला असतं, तेही शोधून काढलं होतं. शुक्रवार तपासायचं डोक्यात आलंच नाही, कारण कळायला लागल्यापासून शुक्रवार म्हणजे सुट्टी हे तिला दोन हात असण्याइतकं उघड होतं.

दुसरा गोल अकराव्या पानावर. इथे दीनानाथ थांबले आणि त्यांनी पान मामांकडे वळवलं. चित्रात तोमिनागा स्वयंपाकघरात उभा होता. चुलीवर एक उंच भांडं, त्यात भोकाची चकती, चकतीवर शटलची नळी उभी, दोन्ही टोकं उघडी, आणि आतून वाफ.

कुवेतच्या कोरड्या हवेत आणि हॉलमधल्या एसीत पिसं कडक होतात, दोन स्मॅशमध्ये मोडतात. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी दीनानाथ प्रत्येक नळीला वीस सेकंद वाफ द्यायचे, स्टॉपवॉच लावून, घरच्या मोदकपात्रात. गणपतीत त्याच भांड्यात मोदक व्हायचे, आणि चारुशीला दरवर्षी ते चिंचेनं घासून घेताना तेच ते बोलायची.

“जपानात उन्हाळ्यात हवाच ओली असते,” दीनानाथ म्हणाले. “तिथे शटलला वाफ देऊन कोण काय करणार? आणि हे मोदकपात्र आहे. नागानोत मोदकपात्र. बरं, ही चकती बघ. एक भोक मधून सरकलंय.”

मामांचा चेहरा बदलला. नळी नीट उभी राहावी म्हणून ती चकती त्यांनीच बनवून दिली होती, अम्गरा भागातल्या त्यांच्या एसी डक्टच्या वर्कशॉपमध्ये, आणि मधलं भोक पाडताना ड्रिल सरकलं होतं. ते भांडं या घराबाहेर कधी गेलेलं नव्हतं. ते पाहिलेली माणसं आत्ता सगळी या टेबलाशी बसली होती.

“म्हणून मला बोलावलं होय,” मामा म्हणाले. “दाजी, मला साधं डक्टचं ड्रॉइंग काढता येत नाही. ते वर्कशॉपातला तौफीक काढतो. मी नुसता कापतो.”

“तौफीकला काय सांगितलं होतंस? चकती कशासाठी हवी?”

“सांगितलं, आमचे दाजी पिसं शिजवतात.”

या वेळी मुक्ताच्या तोंडून हसू निसटलं आणि लगेच विरलं. दीनानाथांनी तौफीकचं नाव कागदाच्या कडेला लिहून ठेवलं. मामांना ते आवडलं नाही. गरीब पोरगा आहे, त्याला कशाला गोवता, असं ते पुटपुटले, आणि तेवढ्यानं टेबलाचं वातावरण पालटलं. आता कोणाच्याही बोलण्याचा कागदावर अर्थ लागणार होता.

तिसरा गोल अडतिसाव्या पानावर होता. दीनानाथांनी तो दाखवला नाही, नुसतं वाचलं. तिसरा गेम, नात्सू एकोणीस-सोळानं पुढे. तिथून सलग पाच पॉइंट देते आणि हरते. प्रत्येक पॉइंटच्या आधी एकदा वर गॅलरीत बापाकडे बघते.

एप्रिलमध्ये, भारतीय शाळांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये, मुक्ता तिसऱ्या गेमला एकोणीस-सोळानं पुढे होती. ती एकवीस-एकोणीसनं हरली होती. ‘प्रेशर हँडलिंग’ म्हणून दीनानाथांनी त्यावर अडीच पानांचं टिपण केलं होतं, आणि अकादमीचा विचार तिथूनच सुरू झाला होता.

“मला एवढंच कळायला हवं,” ते म्हणाले, “की हे कोणी सांगितलं आणि कोणी काढलं. दोन वेगळी माणसं असू शकतात.”

म्हणजे रोख मुक्तावर होता. मुक्ता म्हणाली, “आय कान्ट ईव्हन ड्रॉ अ शटल, बाबा.” दीनानाथ म्हणाले, काढणारा वेगळा असू शकतो असंच मी म्हणालो. चारुशीलानं चहाचं नाव काढून सगळ्यांना उठायची वाट मोकळी केली.

शलाका उरलेली भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेली. मागोमाग मुक्ता आली, तिनं दार लोटलं आणि नळ मोठा सोडला.

“ताई, तू पाहिलंस ना?”

“काय पाहिलं?”

“डोन्ट. मला मंगळवारीच कळलं, हे तू काढलंयस. नात्सूच्या डाव्या गुडघ्याला पट्टी आहे. नात्सू म्हणजे तूच असणार असं वाटून मी बरीच पानं मजेत वाचली. मला वाटलं, चला, ताई एकदाची बोलतेय.”

ते खरं होतं. या घरातली बॅडमिंटनची पहिली मुलगी शलाका होती. चौदाव्या वर्षी तिच्या गुडघ्यातला लिगामेंट गेला, त्याच संध्याकाळी बाबांनी तिची रॅकेट माळ्यावर टाकली, आणि दोन वर्षांनी तीच रॅकेट ग्रिप कापून सहा वर्षांच्या मुक्ताच्या हातात दिली. माळ्यावर असताना तिच्यावर धूळ बसू नये म्हणून तिला पिशवी घातलेली होती, हे शलाकाला तेव्हा दिसलं होतं.

“आणि मग पान अडतीस आलं,” मुक्ता म्हणाली. “तू गॅलरीत बाबांच्या शेजारी बसली होतीस. मला वाटलं फक्त मलाच माहितीये. तू बघितलंस आणि मला न विचारता जगाला दाखवलंस.”

शलाकाला पहिल्यांदा शब्द नुसते ऐकू आले, त्यांचा अर्थ लागायला तीन-चार सेकंद गेले. तिनं ते रचलं होतं. स्कोअर तिनं त्या सामन्यातून उचलला, कारण एकोणीस-सोळा हा गोष्टीला चांगला स्कोअर आहे. मुद्दाम हरणं तिनं मनानं घातलं होतं. म्हणजे, ती इतके महिने तसंच समजत होती. आता बहिणीच्या तोंडाकडे बघताना तिला प्रश्न पडला की पॉइंटच्या आधी वर बघणारी मुलगी तिला सुचली कुठून. आपण डोळ्यांनी नोंद केली आणि स्वतःलाच सांगितली नाही, असं होऊ शकतं का? लॅबमध्ये असं कोणी म्हणालं असतं तर तिनं नमुना पुन्हा तपासायला लावला असता.

“मुक्ते, मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

मुक्तानं तिच्याकडे नीट पाहिलं, विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवत. ठरायच्या आत चारुशीला आत आली. तिनं नळ बंद केला, मुक्ताच्या हातात बिस्किटांची थाळी देऊन तिला बाहेर पाठवलं, आणि पातेल्यात साखर टाकता टाकता, आवाज न चढवता, शलाकाला म्हणाली:

“तू तोंड उघडू नकोस.”

शलाकानं हातातली भांडी सिंकमध्ये ठेवली.

“मी तुला दोन वर्षांची असल्यापासून चित्रं काढताना बघतेय. बोटं काढताना अंगठा चुकतो तुझा, तोमिनागाचाही चुकलाय. ते राहू दे. तुझे बाबा गेजमध्ये एका काट्याचा फरक असला तरी कागदावर सही करत नाहीत. संशय आहे तोवर रविवारी ते पत्र देणार नाहीत. तो संशय राहू दे घरात महिनाभर. तोवर अकादमीची तारीख जाईल.”

“आणि तोवर सगळं मुक्तावर?”

“ती बोलणी खाईल महिनाभर. मी सोळा वर्षांची असताना सहा महिने खाल्ली होती.”

आई नेहमी बाबांच्या बाजूची, असा शलाकाचा आजवरचा हिशेब होता. पोहे असोत की पळायची वेळ, ‘बाबा म्हणतात तसं’. आता आलं किसणाऱ्या त्या हाताकडे बघताना तिला संशय यायला लागला की गेली कित्येक वर्षं ‘बाबा म्हणतात तसं’ म्हणत आई नक्की काय काय थांबवून ठेवत आली असेल. आपण ज्याला हो समजत होतो, त्यातलं किती हो होतं?

चहा बाहेर आला तेव्हा दीनानाथांचं मामांना अकादमीचं आणि पत्राचं सांगून झालं होतं. मामांचं म्हणणं असं पडलं की पोरीला जागा मिळालीय, अशी जागा किती जणांना मिळते, एका जपानी पुस्तकावरून कशाला डोकं फिरवून घ्यायचं. मामा आतापर्यंत आपल्या बहिणीच्या, चारुशीलाच्या बाजूचे धरले जात होते. चारुशीलानं भावाकडे असं पाहिलं की त्यांनी चहात बिस्किट जरा जास्तच वेळ बुडवून ठेवलं आणि ते तुटून खाली गेलं.

“शत्रुघ्नचं बरोबर आहे,” दीनानाथ म्हणाले. “मी ठरवलंय. आत्ता कोणी काही बोललं नाही, तर मी असं धरीन की तौफीकनं कुठेतरी सांगितलं, कोणीतरी काढलं, बाकी योगायोग. फाइल बंद. रविवारी मी पत्र देतो.”

त्यांनी शेवटच्या कप्प्यातून तो कागद काढला, वर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

शलाकानं आईकडे पाहिलं. आईचा अंदाज चुकला होता, आणि ते आईलाही त्याच क्षणी कळलं होतं. आपण बोललो तर बाबा विचारतील, शेवट खरा की खोटा. खोटा म्हटलं तर सही होणार. खरा म्हटलं तर मुक्ताला या टेबलावर उघडी पाडणार, आणि ती म्हणेल की दुसऱ्यांदा. न बोललं तरी सही होणारच. तिन्ही वाटा तिनं पुन्हा एकदा तपासल्या. त्यांतल्या एकीतही मुक्ताला कोणी काही विचारत नव्हतं.

“मी काढलंय ते,” ती म्हणाली. “सगळी एकेचाळीस पानं. तौफीकचं नाव खोडा.”

दीनानाथांनी खरोखरच आधी तौफीकचं नाव खोडलं. मग मान वर न करता विचारलं, “माहिती कोणी दिली?”

“कोणी नाही. मी या घरात राहते.”

“आणि शेवट?”

“मी काढला तेव्हा तो मनानं रचलेला होता.”

“तेव्हा,” दीनानाथ म्हणाले. असा शब्द त्यांच्या कानातून सुटणं शक्यच नव्हतं. “आणि आता?”

“आता ते मला विचारू नका. जिला न्यायचंय ती इथे बसलीय. एप्रिलपासून तिचे बूट, तिचा आहार, तिची शाळा, सगळ्यावर टिपणं झालीत. तिला कोणी एकही प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही.”

मामांनी कप खाली ठेवला.

नाशिकला दीनानाथांचे वडील, अण्णा, यांनी सतराव्या वर्षी त्यांना मल्लखांबावरून उतरवून पॉलिटेक्निकमध्ये घातलं होतं, त्यांना काही न विचारता. आपण नेमकं त्याच्या उलट करतोय, असं दीनानाथ मुलींना सांगत आले होते. आपण मुलीला चढवतोय. शलाकानं ते इतक्या वेळा ऐकलं होतं की आत्ताही ते वाक्य येणार म्हणून ती वाट बघत होती. ते आलं नाही.

“मुक्ता,” ते म्हणाले. एवढंच.

मुक्तानं शलाकाकडे एकदा पाहिलं. संशय अजून पुरता गेला नव्हता, पण तिनं तो बाजूला ठेवलेला दिसला.

“मी सोडली ती मॅच,” ती म्हणाली.

चारुशीलाचा हात टेबलाच्या कडेवर आला. दीनानाथांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर धक्का दिसेल म्हणून शलाका बघत होती. तिथे धक्का नव्हता.

“मी तीन मोजले होते,” ते म्हणाले.

“चार होते.”

“कोणता?”

“तिचा अठरावा. बॅकहँड क्लिअर मी मुद्दाम अर्ध्यावर टाकला.”

“तो तिनं चांगला मारला, असं मी धरलं होतं.” ते क्षणभर खरंच त्या पॉइंटचा विचार करत राहिले. “वर बघितलं नाहीस त्या वेळी.”

“नाही बघितलं.”

“अहो,” चारुशीला म्हणाली. तिचा आवाज अगदी खालचा होता. “म्हणजे तुम्हाला एप्रिलपासून माहीत आहे?”

“हॉलवरून घरी येतानाच. गाडीत.”

“आणि ते अडीच पानांचं प्रेशर हँडलिंग?”

“ते बाकीच्यांसाठी होतं.” ते शलाकाकडे वळले. “मला वाटलं, हे फक्त दोघांनाच माहीत आहे, हिला आणि मला. मंगळवारी कळलं की तिसरं कोणीतरी आहे. ते कोण, एवढंच मला हवं होतं.”

शलाकाला पूर्ण दुपार डोळ्यांसमोरून पुन्हा एकदा गेलेली दिसली, उजवीकडून डावीकडे. फाइल, लाल गोल, शुक्रवार, मोदकपात्र. ही चौकशी खऱ्याखोट्याची कधी नव्हतीच. खरं त्यांच्या खिशात होतं.

“माहीत असून तिला तिकडे नेताय?” चारुशीलानं विचारलं.

“म्हणून तर नेतोय. इथे ही सगळ्यांत चांगली आहे, म्हणून सोडता आली. तिकडे समोरच्या सगळ्या हिच्याहून वरच्या असतील. सोडायला आधी मॅच हातात यावी लागते. तिथे हिला ते परवडणार नाही.”

ते हे अगदी समजावून सांगितल्यासारखं बोलले, आणि त्यात कुठे चूक आहे हे शलाकाला पटकन दाखवता आलं नसतं. मामाही मान हलवायच्या बेतात होते.

“तिथेही सोडीन, बाबा,” मुक्ता म्हणाली. “येईल ना कधीतरी हातात. मी चांगली आहे.”

“किती सोडशील?”

“तुम्ही हॉलमध्ये यायचं थांबवाल तोपर्यंत.”

दीनानाथांनी चष्मा काढला, पुसायला काही शोधलं आणि टेबल पुसायचं कोरडं फडकंच घेतलं. बराच वेळ ते काच पुसत होते. मग विचारलं, “म्हणजे तुला खेळायचंय?”

“हो.”

“बेंगळुरूला?”

“हॉस्टेल आहे तिथे. फॉर्मवर दोन चौकोन होते. तुम्ही ‘पालकांसोबत’वर खूण केलीत.”

चारुशीलानं फाइल मिटली, पत्र मात्र बाहेर राहू दिलं, दीनानाथांच्या हाताजवळ, आणि त्यावर काही सांडू नये म्हणून चहाचा कप दुसरीकडे सरकवला. मामा निघताना दारात शलाकाला हळूच म्हणाले की पुढच्या वेळी चकती काढशील तर भोक मधोमध काढ, तेवढी माझी अब्रू राख.

रविवारी सकाळी पाच वीसला दीनानाथांनी खाली गाडी काढली. तिघी खिडकीशी होत्या, दिवा न लावता. पत्र टेबलावर होतं, शुक्रवारी होतं तिथेच, सही न केलेलं. मुक्तानं ते उचलून मागून-पुढून पाहिलं आणि आता झोपायला जाऊ का, असं आईला विचारलं. गेल्या दहा वर्षांत या वेळी तिला झोप मिळालेली नव्हती.

“जा,” चारुशीला म्हणाली.

मुक्ता गेली. चारुशीला मात्र खिडकीतून हलली नाही. गाडी वळून हायवेच्या दिशेनं गेली, दिसेनाशी झाली, तरी ती तिकडेच बघत होती. शलाका तिच्याशेजारी उभी राहिली. दोघींच्या मनात एकच गोष्ट होती आणि दोघींनी ती एकमेकींना सांगितली नाही: रिफायनरीतल्या दीनानाथांच्या टेबलाजवळ एक प्रिंटर होता, आणि सही करायला त्यांना तीन सेकंद लागत.